काट्याच्या अंगात येतं

जाणकार मंडळी १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात. आमची गाडी त्यात बसत नाही. पण ‘व्हिंटेज’ म्हटलं की लोक तिच्यासोबत फोटो काढतात आणि ‘जुनी’ म्हटलं की “विकून का टाकत नाही?” असं विचारतात. म्हणून आम्ही व्हिंटेज म्हणतो. गाडी वडिलांची. तिचं बाकी सगळं वयाला शोभेल असं, संथ आणि कण्हतकुंथत चालतं. स्पीडोमीटरच्या काट्याला तेवढं स्वतःचं वय मान्य नव्हतं.

गाडी निघाली की आधी थोडा वेळ तो ढिम्म. मग एकदम चाळिसावर उडी, तिथून वीस, पुन्हा पन्नास, असं त्याचं तळ्यात-मळ्यात चालायचं. तिशीच्या आसपास तर त्याच्या अंगातच यायचं. काच थरथरायची आणि डॅशबोर्डामागून किरकिर ऐकू यायची. शेजारी बसलेली बायको काट्याकडे बघून “अहो, हळू!” आणि “अहो, चालवा की जरा!” ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायची.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी गाडी न बघताच निदान केलं. “केबल सुकलीय, साहेब. आतली तार काढा, पुसा, ग्रीस लावा. दहा मिनिटांचं काम.” पुढेही ते काहीतरी म्हणाले, पण ‘दहा मिनिटांचं काम’ हे शब्द ऐकताच मी फोन ठेवला होता.

ही केबल गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येते. बाहेर नळी आणि आत पीळ दिलेली तार, तिची टोकं चौकोनी. चाकं फिरली की तार फिरते. ती कोरडी पडली किंवा नळी कुठे जास्त वाकली की तार अडते, अडून अडून पीळ भरते आणि मग एकदम सुटते. तेच काट्याचं अंगात येणं. हे सगळं मी गाडीखाली उताणा पडून, तोंडावर काळं तेल ठिबकत असताना समजून घेतलं. गिअरबॉक्सकडची चकती पकडीने सोडवायला पाऊण तास गेला. तार मात्र सुर्रकन बाहेर आली आणि येताना शर्टावर सही करून गेली.

आता ग्रीस. थोडं लावलं. मग वाटलं, इतकी वर्षं बिचारीला कुणी विचारलंच नाही, तर हात कशाला आखडता घ्यायचा? चांगलं बोटा-बोटाने माखलं.

दोन दिवस काटा असा शहाण्यासारखा वागला की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी वेग तीस आणि काटा ऐंशीवर. घरी येऊन इंजिन बंद केलं, किल्ली काढली, तरी काटा चाळिसावर! गाडी फाटकात उभी आणि काटा रस्त्यावरच. पुन्हा फोन. मिस्त्री थंडपणे म्हणाले, “वरचं टोक कोरडं ठेवा म्हटलं होतं ना मी?” पिळाची तार फिरता फिरता स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते. ते थेट मीटरच्या पोटात गेलं होतं.

मीटर उघडला आणि राग जरा ओसरला. आतली करामतच तशी आहे. तारेच्या टोकाला चुंबक आणि त्याला न शिवता, अगदी जवळ, ॲल्युमिनियमची वाटी. ॲल्युमिनियम काही चुंबकाला चिकटत नाही. पण चुंबक गरगर फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि त्यांच्या जोरावर वाटी त्याच्यामागे ओढली जाते. हाताला हात न लावता दुसऱ्याला नाचवायचं, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची विद्या ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन गृहस्थाने यंत्रात बसवली आणि १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. केसाएवढी बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचते आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. माझ्या मीटरात चुंबक आणि वाटीच्या मधे ग्रीस बसलं होतं, त्यामुळे न शिवण्याचा प्रश्नच मिटला होता.

ते पुसायचं तर डायल काढायला हवी आणि त्याआधी काटा. काटा दोन्ही बाजूंनी चमचे सरकवून उचकटायचा असतो. मी स्वयंपाकघरातून दोन चमचे उचलले. श्वास रोखला, दाबलं. टक्! काटा उडाला, छताला लागला आणि माझ्याच चपलेत पडला. “माझे चमचे कुठायत?” हा प्रश्न आतून नेमका याच क्षणी आला.

वाटी, चुंबक, सगळं स्पिरिटच्या बोळ्याने निपटून काढलं. स्प्रिंगला धक्का लागू नये म्हणून खोकलासुद्धा दाबून धरला. तारेला यावेळी ग्रीसचं नुसतं बोट, आणि वरची वीतभर कोरडी. शेवटी काटा बरोब्बर शून्यावर बसवला.

आता तो लोण्यासारखा सरकू लागला. ना थरथर, ना किरकिर. एवढंच की साठीला ही गाडी कधी एवढी आरामात गेल्याचं आठवेना. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. बायकोने मोबाइलवर वेळ लावली, मी काटा साठावर धरला. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ८० सेकंद. म्हणजे खरा वेग पंचेचाळीस.

मिस्त्री पोट धरून हसले. काटा शून्याच्या खिळीला टेकलेला दिसतो, पण स्प्रिंग त्याला तिथे दाबून धरत असते. खिळीवरून उचलला तर तो आणखी खाली जातो. काटा काढण्याआधी ती जागा खुणेने टिपून ठेवायची असते. मी काटा ताणाशिवाय सरळ शून्यावर चिकटवला होता. आता तो कायम पंधरा जास्त दाखवणार. “पुन्हा उघडू या?” त्यांनी विचारलं. मी चमचे आठवले आणि नको म्हटलं.

परवा मित्राला फेरी मारून आणली. काटा पासष्टावर, जराही न हलता. “काय रे, या वयात अजून पासष्ट?” त्याने डोळे मोठे केले. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत नम्रपणे हसलो.

मागच्या सीटवरून आवाज आला, “भावजी, पंधरा वजा करा.”