‘पालिकेच्या कागदावर सही करू नका’: ठाण्यात फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाण्यात एखादा रस्ता रुंद करायची चर्चा सुरू झाली की सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरू लागतो: पालिकेच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, सही नसेल तर एक इंचही जागा घेता येत नाही, टीडीआर (सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) म्हणजे नुसता कागद, अडून बसलात तर बाजारभावाच्या चौपट मिळते, आणि दहा वर्षे थांबलात की विकास आराखड्यात जागेवर टाकलेले आरक्षण आपोआप उठते. प्रत्येक वाक्यात थोडेसे खरे आहे, म्हणूनच ते पटते. पण त्यावर विसंबून गप्प बसणाऱ्या मालकाच्या हातून वाटाघाटीची वेळच निघून जाते.

<b>‘सही नसेल तर जागा घेता येत नाही.’</b>

हे चूक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची अधिकृत हद्द, ठरली, की तिच्या आत येणारी मोकळी जागा, कुंपणभिंत, ओटा, पायऱ्या हे सारे कलम २१३ प्रमाणे सात दिवसांची लेखी नोटीस देऊन ताब्यात घेता येते. त्याला मालकाची सही लागत नाही. इमारतीचा भाग बाधित होत असेल तर कलम २१२ ची वेगळी प्रक्रिया आहे, आणि भरपाईची तरतूद कलम २१६ मध्ये आहे. तेव्हा दुकानासमोरची तीन मीटर जागा केवळ ‘नाही’ म्हणून वाचत नाही. ती वाचवायची तर रेषा ठरण्याआधीच्या जाहीर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. प्रारूप विकास आराखड्याचेही तसेच: हरकत मुदतीत, सर्व्हे क्रमांकासह, नकाशा जोडून.

हरकतीत काय लिहायचे? ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याने काही साधत नाही. समोरच्या बाजूला मोकळी जागा असेल तर रेषा तिकडे सरकवा, रुंदीकरण दोन्ही बाजूंनी समान घ्या, वळणावर त्रिज्या कमी करा, अशी मागणी मोजमापासह करावी. अशा मागणीचा सुनावणीत विचार होऊ शकतो.

सहीच्या बाबतीत खरा धोका वेगळाच आहे. मोजणीआधी ताबापावतीवर, म्हणजे जागेचा ताबा दिल्याच्या कागदावर, सही करणे हा तो धोका. १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर, म्हणजे रेघेच्या जाडीतच तुमचे अर्धे दुकान मावते. म्हणून छापील आराखड्यावरून बाधित क्षेत्र मान्य करू नये. नगररचना विभागाचे सीमांकन आणि नगर भूमापन कार्यालयासह संयुक्त मोजणी मागावी, भिंतीवरची खूण कोणत्या बिंदूपासून मोजली ते नकाशावर लिहून घ्यावे, आणि मालमत्ता पत्रकावरील क्षेत्राशी ताळा करावा. करारात बाधित चौरस मीटर, मोबदल्याचा प्रकार, ताब्याची तारीख आणि पाडकामानंतर कुंपण व मलनिःसारणाची जोडणी कोण करून देणार हे स्पष्ट हवे. एकदा संमतीने मोबदला ठरला की वाढीव रकमेचा दावा पुढे चालवणे अवघड होते. मेसेजमधला इशारा इथे लागू पडतो.

<b>‘टीडीआर म्हणजे नुसता कागद.’</b>

टीडीआर सक्तीचा नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये रोख रक्कम, एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारे बांधकामक्षेत्र) किंवा टीडीआर, आणि भूसंपादन असे तीन मार्ग आहेत. बांधकामाच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार सोडलेल्या क्षेत्राच्या दुप्पट, आणि दाट वस्तीच्या भागात तिप्पट टीडीआर मिळतो. मात्र तो दुसरीकडे वापरताना रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) जमीनदरांचे गुणोत्तर लागते. समजा ३० चौरस मीटर सोडले, ६० मिळाले, तुमच्या जागेचा दर चौरस मीटरला ६०,००० रुपये आणि वापराच्या जागेचा ९०,००० रुपये असेल, तर तिथे ४० चौरस मीटरच वापरता येतात. विकताना हा हिशेब न मांडणारा मालक फसतो, आणि मग दोष टीडीआरच्या नावावर जातो.

स्वतःच्याच भूखंडावर एफएसआय घ्यायचा तर पुनर्बांधणी ठरलेली हवी. इमारत आणखी वीस वर्षे तशीच राहणार असेल तर रोख रक्कम किंवा विकता येणारा टीडीआर बरा. शिवाय नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडावर सर्वसाधारणपणे टीडीआर वापरता येत नाही, त्यामुळे रुंदीकरणाने उरलेल्या जागेची किंमत वाढूही शकते. उलट, भूखंड उथळ असेल तर नव्या रेषेपासूनचे सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी ठेवावी लागणारी जागा) सोडून बांधायला काही उरते का, हे वास्तुविशारदाकडून आधी काढून घ्यावे. न उरल्यास अंतरात सवलत मिळावी, ही अट करारापूर्वीच मांडायची असते.

<b>‘चौपट मिळते.’</b>

चौपटीचा आकडा ग्रामीण भागातून आला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्याला ज्याने गुणतात तो गुणक शहरी जमिनीसाठी १ आहे. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जागा घेतल्याबद्दलची जादा भरपाई) धरली की साधारण दुप्पट होते, अधिक बाजारमूल्यावर ठरावीक काळाचे वर्षाला १२ टक्के. इथे झगडायचे ते मूळ बाजारमूल्यावर. जवळपासच्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदणीकृत खरेदीखतांच्या प्रती जमवा.

<b>‘दहा वर्षांनी आपोआप सुटते.’</b>

आपोआप काहीच सुटत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकी कागदपत्रांसह खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा घ्या नाहीतर सोडा’ अशी नोटीस, द्यावी लागते, त्यानंतर प्राधिकरणाला २४ महिने मिळतात. आणि हे कलम आराखड्यातील आरक्षणापुरते आहे. महानगरपालिका अधिनियमाखालची रस्तारेषा त्याने पुसली जात नाही.

मेसेजमध्ये भाडेकरूंचा उल्लेखच नाही, आणि ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेत वाटाघाट बहुधा तिथेच अडते. टीडीआरसाठी जागा बोजाविरहित, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हक्क नसलेली, द्यावी लागते, म्हणजे पागडीच्या गाळेधारकाशी लेखी समझोता आधी आणि पालिकेशी करार नंतर. नवी मुंबईत हाच मेसेज पुढे पाठवणाऱ्यांसाठी एवढेच: वाशी-नेरूळसारख्या नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या उपनगरांत) बहुतेक भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहेत. तिथे आधी आपला भाडेकरारनामा वाचा, आणि क्षेत्र घटणार असेल तर त्यात दुरुस्ती करून देण्याचे सिडकोचे लेखी पत्र मागा.