तो एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, शिवपुरीचा नाहीये!

ग्रुपवर फिरतंय ना, "माधव नॅशनल पार्कची हवा टुरिस्टांच्या जिप्सींनी बिघडवली", त्यासोबतचा एक्यूआयचा स्क्रीनशॉट जरा झूम करून बघा, खाली बारीक अक्षरात हवा मोजायचं स्टेशन लिहिलंय सिटी सेंटर, म्हणजे आपलं ग्वाल्हेरच, आणि पार्क तिकडे शिवपुरीला, शंभरावर किलोमीटर लांब! ॲपने जवळचं स्टेशन उचललं, बस. शिवाय त्यातला पीएम 2.5, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, ही 24 तासांची सरासरी, चुली, धूळ, कचरा जाळणं सगळं त्यातच, जिप्सीचा वाटा वेगळा कळतच नाही. तो काढायचा तर गेटपाशी आणि आत जंगलात, वारा कुठून येतोय ते बघत गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचा, सोबत गाड्याही मोजायच्या. आणि काका, "पीयूसी आहे म्हणजे गाडी क्लीन" हेपण नाही हो, पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड तपासतच नाहीत.