स्वस्तात आपुलकी : दिवाळीच्या भेटींसाठी काही सूचना

दिवाळीत भेटी द्यायच्या आहेत, खिसाही सांभाळायचा आहे, आणि वर समोरच्याला वाटलं पाहिजे की बाई बाई, किती विचार करून दिलंय! घाबरू नका. जमतं. आपल्या आजूबाजूच्या भल्याभल्यांना दरवर्षी जमतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या भेटी आमच्या माळ्यावर आहेत, त्यामुळे या विषयात माझा अधिकार कुणी नाकारू नये.

सुरुवात यादीपासून करा. कागदावर तीन रकाने आखा. ज्यांच्यावाचून आपलं अडतं ते पहिल्या रकान्यात. ज्यांनी गेल्या वर्षी आपल्याला काही दिलं ते दुसऱ्यात. ज्यांचं आपल्यावाचून अडतं ते तिसऱ्यात. पैसे याच क्रमाने कमी करत न्यायचे. ज्या साहेबांच्या घरी बदाम ठेवायला डबे उरलेले नाहीत, त्यांना सगळ्यांत मोठं खोकं. ज्याच्या घरी ते खरंच खाल्लं जाईल त्याला सगळ्यांत लहान, किंवा नुसत्याच शुभेच्छा. साहेब खोकं उघडणार नाहीत, ते तसंच ड्रायव्हरकडे जाईल, ही काळजी करू नका. खोकं कुठेही जाऊ दे, आपलं कार्ड साहेबांच्या टेबलावर उरलं की काम झालं.

दुसऱ्या रकान्यासाठी वही ठेवा. त्यांनी चारशेचं दिलं असेल तर आपण तीनशे नव्व्याण्णवचं द्यायचं. किमतीचं स्टिकर काढायचं, पण अर्धवट. आकडा वाचता आला नाही तरी चालेल, तो तीन आकडी होता एवढं कळलं पाहिजे.

काहीच सुचत नसेल तर सोनेरी मुलाम्याचा, लॅपटॉपवर काम करत बसलेला चार इंची गणपती द्या. घेणाऱ्याकडे ठेवायला जागा नसते आणि टाकायची हिंमत नसते.

फोटो छापलेला मग देणार असाल तर फोटो स्वतःचाच छापा.

फराळाच्या भानगडीत शक्यतो पडू नका. अनारशांचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून दळायचे, गुळात कालवून ते पीठ मुरायला ठेवायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला की बसा कढईकडे बघत. इतके दिवस कुणासाठी तरी घालवले हे हिशोबात दाखवायचं कुठे? त्यापेक्षा विकतचे आणा, स्टीलच्या डब्यात भरा आणि ‘घरचेच आहेत हं’ म्हणा. नाही, स्टीलचा डबासुद्धा नको. डबा रिकामा परत करायचा नाही अशी आपल्याकडे रीत आहे, म्हणजे पुढून काहीतरी येणार, त्याला पुन्हा आपण काहीतरी देणार, आणि हे आजीच्या काळापासून चालत आलेलं लचांड वर्षभर मागे लागणार. त्यापेक्षा प्लास्टिकचा फेकायचा डबा बरा. संबंध तिथल्या तिथे मिटतात.

ओवाळणी ऑनलाइन पाठवा. ताटात पाकीट ठेवायचं म्हणजे बहिणीकडे जावं लागतं, तिच्या घरचं जेवावं लागतं, मेव्हण्यांशी बोलावं लागतं. फोनवरून पाचशे एक रुपये पाठवले की ते पाकिटावर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणंही वाचतं. ते कुणीच कधी सोलून काढत नाही, तेव्हा आजवर किती रुपये वाया गेले असतील याचा विचार करा. खाली निरांजनाचं चित्र टाका. ती ओवाळेल तिच्या मोबाइलला.

दिवाळी अंक तर चुकूनही देऊ नका. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाला ही खोड लागली आहे. चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतो, माणूस तो मार्गशीर्षापर्यंत पुरवून वाचतो, मग शेजारी वाचायला नेतात, वर ‘अमका लेख वाचलास का’ म्हणून तुम्हाला फोन येतो. शिवाय तो निवडायला समोरच्याला काय आवडतं हे ठाऊक असावं लागतं. एवढी ओळख ठेवायला वेळ आहे कुणाला?

पणत्या मात्र रस्त्यावर बसलेल्या बाईकडूनच घ्या, आणि घासाघीस करूनच घ्या. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्टी कशी लावतात, जळण केवढ्याला पडतं, अवेळी पाऊस आला तर किती कच्चा माल मातीत जातो, असले प्रश्न मनात आणायचे नाहीत. डझनामागे दहा रुपये कमी करून घ्यायचे. मग त्याच संध्याकाळी मॉलमध्ये जाऊन टिकल्या चिकटवलेल्या चार पणत्या, छापील किमतीला, पिशवीचे वेगळे पैसे देऊन आणायच्या.

आता मुख्य विषय. सुकामेव्याचं खोकं.

कमी पैशात जास्त आपुलकी दाखवण्यासाठी याहून सरस काही अजून निघालेलं नाही. म्हणून ते नीट निवडायला शिका. आकार पेटीएवढा हवा, भजनाला घेऊन बसतात तेवढ्या पेटीएवढा. मखमली वाटेल असा कागद, चुंबकाचं झाकण, वर रेशमी नाडी. झाकण उघडलं की आधी पुठ्ठ्याची पायरी. पायरीवर सॅटिन. सॅटिनमध्ये चार खाचा, खाचांत चार प्लास्टिकच्या वाट्या, आणि त्या वाट्यांचे तळ आतून वर उचललेले. वरचा थर अख्ख्या काजूंचा, खाली सगळी पाकळी. बाजारात काजूला प्रत असते. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० वगैरे. एका पौंडात साधारण किती काजू बसतात त्यावरून हे आकडे येतात, आकडा लहान तेवढा काजू मोठा. आपल्या वाटीतल्या मालाला असा नंबर मिळणं कठीण. शेजारच्या वाटीत बेदाणे, तेही एकमेकांना असे धरून बसलेले की वेगळे करायला सुरी लागावी. पिस्त्यांपैकी निम्म्यांची तोंडं मिटलेली.

वजन? डबाबंद मालावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार किंवा पॅक केल्याचा महिना आणि वर्ष छापावं लागतं, असा नियम आहे. म्हणून ते छापतात. खोक्याच्या बुडाला, बारकोडला खेटून, चाळिशीचा चष्मा शोधेपर्यंत पाहुणे निघून जातील अशा अक्षरांत. निव्वळ वजन २०० ग्रॅम, किंमत ६९९. एवढ्या पैशांत वेंगुर्ल्याचे अर्धा किलो अख्खे काजू साध्या पिशवीत बांधून आले असते, आणि घरातल्या पोरांनी मूठमूठ खाल्ले असते. पण पिशवी घेऊन कुणाच्या दारात उभं कसं राहणार? तेव्हा आपण पुठ्ठा देतो. माणसं आता एकमेकांना पुठ्ठा देतात. मिठाईच्या दुकानात काजूकतलीबरोबर खोकंही काट्यावर चढतं. वजन खोक्याशिवाय करायला हवं, सरकारी लोक दर दिवाळीला हे बजावतात, आणि तिथे उभं राहून ‘खोकं बाजूला काढून तोला’ म्हणायची आपल्याला लाज वाटते. पणतीवालीशी घासाघीस करताना कुठे गेलेली असते ही लाज?

असो. सल्ला द्यायला बसले आहे.

तर खोक्याचा खरा गुण असा की ते उघडायचं नसतं. आलेलं खोकं नाडी न सोडता कपाटात ठेवायचं आणि पुढे पाठवायचं. संक्रांतीला आलेलं साखरपुड्याला, तिथून राखीला, राखीवरून दिवाळीला. कुणी दिलं ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे त्यांच्याच घरी परत जाणार नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेवरसुद्धा ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांना बंधनकारक झालंय. घराघरांतून फिरणाऱ्या खोक्याला मात्र पाटी लावणारं कुणी नाही. मग ते फिरतं, फिरतं, आणि एक दिवस अशा घरी पोचतं जिथून ते पुढे जाऊच शकत नाही. कारण त्या घराच्या खाली आपल्या यादीत कुणी नसतं.

ते घर मी सांगते कुणाचं. आमच्या बिल्डिंगचे जिने झाडणाऱ्या मावशींचं.

परवा त्या खोकं घेऊन माझ्या दारात आल्या. सोसायटीने दिलं होतं. ‘ताई, यावर इंग्रजीत काय लिहिलंय बघा जरा. नातवाला देते, पण वास बरा नाही येत.’ मी बूड उलटं करून बघितलं. पॅकिंगच्या तारखेवरून कुणीतरी ब्लेड फिरवलं होतं. घाईत फिरवलं असणार, कारण वर्ष गेलं होतं आणि महिना राहिला होता. फेब्रुवारी. खालच्या ओळीत, ‘पॅक केल्यापासून सहा महिने’. झाकण उघडलं तर बदामांना जाळी धरलेली, तळाला पिठासारखा भुगा, आणि खवट वास दारापर्यंत. मावशी म्हणाल्या, ‘धुऊन उन्हात घातले तर चालतील का?’

ब्लेड फिरवलंय हो. म्हणजे तारीख वाचली होती. वाचली, कळली, आणि मग घरात ब्लेड शोधलं. हे नजरचुकीने होत नाही.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला होता. ‘सफाई कर्मचाऱ्यांना सोसायटीतर्फे दिवाळीची छोटीशी भेट.’ एका खोक्याला कमिटीच्या सहा जणांचे हात, मावशी कोपऱ्यात अर्ध्या कापलेल्या. खाली हात जोडलेली चित्रं, ‘स्तुत्य उपक्रम’, ‘असंच कार्य चालू राहो’. बोनसचा विषय मीटिंगमध्ये निघाला तेव्हा ‘यंदा बजेट नाही’ आणि ‘त्यांचं ठेकेदार बघेल’ अशी दोन उत्तरं मिळाली. पाडवा पहाटेच्या साउंडवाल्याला बजेट होतं. गेटवरच्या लायटिंगला होतं.

कारखान्यातल्या माणसाला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा असा कायदा आहे. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक पगार. घरकाम करणाऱ्या बायकांना तो रिवाजाने मिळतो, कायद्याने नाही, आणि रिवाजात आपण काय काय पळवाटा काढतो! मे महिन्यात गावाला गेली होती, तेवढे कापा. कप फोडला होता, तो धरा. अर्धे पैसे द्या आणि अर्ध्याच्या बदल्यात साडी, ‘एकदाच नेसलेली आहे गं, फॉलसुद्धा लावलेला आहे’. तुमच्या नणंदेला द्याल का ती साडी? मग तिला कशी देता? आणि आपल्या ऑफिसात बोनस दोन दिवस उशिरा आला तर आपण केवढा आकांडतांडव करतो!

बजेट कमी असणं हा गुन्हा नाही. माझंही कमीच आहे. मग सरळ साहेबांचं खोकं कापा की! त्यांना कळणारसुद्धा नाही. घरी काम करणाऱ्या बाईला, वॉचमनला, मावशींना एक पगार पाकिटात घालून द्या, आणि वसुबारसेच्या आधी द्या, भाऊबीज झाल्यावर नव्हे. त्यांनाही पोरांचे कपडे सणाआधीच घ्यायचे असतात. खाऊ द्यायचा असेल तर तुम्ही आज जो खाणार आहात तोच द्या. फोटो काढू नका.

आणि कमिटीतल्या ज्यांनी ते ब्लेड फिरवलं त्यांना सांगते. खोकं माझ्याकडेच आहे, मावशींना मी ते परत नेऊ दिलेलं नाही. ग्रुपवर खुलासे टाकू नका, मीटिंग बोलावू नका, ‘गैरसमज झाला’ म्हणू नका. बाजारात जा, स्वतःच्या पैशाने अर्धा किलो चांगले बदाम घ्या, साध्या पिशवीत घ्या, आणि उद्या सकाळी मावशी झाडायला येतील तेव्हा त्यांच्या हातात द्या.