भाणात छत्री

परवाच्या रविवारी आमच्या आजीच्या भाणाला हात लावला म्हणून मी ओरडा खाल्ला. वय वर्षं ४६. तोही चारचौघांत, दोन पुणेकर कुटुंबं आणि एक नवविवाहित जोडपं बघत असताना.

झालं असं, की आमच्या चुलतभावाने गोव्यातलं जुनं घर पाडलं तेव्हा न्हाणीतलं, आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण एका म्युझियमला देऊन टाकलं. लोककला, रूढी-परंपरा वगैरे मांडलेलं, जुन्या वाड्यात थाटलेलं म्युझियम आहे ते. मला विचारलं नाही, ते असो. वाडा मात्र खरंच बघण्यासारखा. जांभ्याच्या जाड भिंती, मधे राजांगण, तुळशीवृंदावन, आणि काच परवडत नव्हती त्या काळातल्या, पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवलेल्या खिडक्या. त्यातून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. चपला बाहेर काढायच्या. बाहेर पाऊस. लादीवर ओल्या पावलांचे ठसे. पहिल्या खोलीतच माझा पाय घसरला तेव्हा परंपरेला माझा साष्टांग नमस्कार होता होता राहिला.

माटोळी बघून पहिलं डोकं फिरलं. चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती माटोळी हो, रानातून आणलेली फळं, सुपारीचे घड, जंगली पानं-फुलं, आमच्या लहानपणी दोन दिवस आधी डोंगर पालथा घालायचो. इथे प्लॅस्टिकची द्राक्षं. आणि सफरचंद! बरं, घुमटाच्या खाली पाटी काय, तर 'ढोल'. अरे बाबांनो, घुमट म्हणजे मातीचं मडकं, मोठ्या तोंडाला कातडं आणि मागचं लहान तोंड उघडं, त्यावर हात ठेवून आवाज खोल-वर करतात. आरतीला ते वाजलं नाही तर आमच्याकडे गणपती जेवत नाही असा समज आहे. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, मग बकऱ्याचं आलं. बकऱ्याला कोणी विचारलं नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, आणि इथे 'ढोल'. वारसा जाहीर करायचा आणि पाटी लिहायला मात्र बहुतेक पाहुण्याला बसवायचं.

तर भाण. कोपऱ्यात होतं, दोरीच्या आत. ओळखलं लगेच, कारण त्याच्या पोटावरचा पोचा माझा आहे. नववं वर्ष, हातात सोललेला नारळ, भाण म्हणजे स्टंप. आजीने चुडताने, म्हणजे नारळाच्या सुक्या झावळीने, बडवलं होतं. त्याच पोच्यावरून बोट फिरवायला दोरीवरून वाकलो, आणि मागून आवाज.

"ओ बाब, हात लावचो न्हय!"

खुर्चीवर एक काका. प्लॅस्टिकची खुर्ची, ती अर्थातच परंपरेत बसत नाही पण काका त्यात बसलेले. डोळे मोबाइलवर. मी म्हटलं, काका, हे आमच्या घरचं भाण.

"सगळे तेंच सांगतात," काका मराठीवर आले, बहुतेक पुणेकरांच्या सोयीसाठी. "मागच्या आठवड्यात एक बाई आली, ती म्हणाली ही आदोळी, म्हणजे विळी, माझ्या सासूची. आता सासूची असेल तर घरी ठेवायची होती."

"हा पोचा मी पाडलाय."

"म्हणजे नुकसान तुम्हीच केलं." काकांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "पावती आसा?"

"कसली पावती? पोच्याची?"

"भाणाची."

आजीने ते म्हापश्याच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलं, गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी. पाटीवर होतं 'ताम्रपात्र, १८ वे शतक'. आजीला एका फटक्यात दोनशे वर्षांची करून ठेवली. मी हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तुमचं हे नव्हेच. हे अठराव्या शतकातलं." त्या पुणेकर गृहस्थांनी मान डोलावली आणि बायकोला समजावलं की यात पूर्वी धान्य साठवायचे. धान्य! ज्याच्याखाली रोज करवंट्या आणि चुडतं पेटवून आम्ही सहा भावंडांनी आंघोळी केल्या, त्यात म्हणे धान्य. काका काही बोलले नाहीत. पर्यटकांना दुखवायचं नसतं.

एवढ्यात माझं लक्ष आत गेलं. भाणात एक काळी छत्री उभी होती. उघडमीट करून आत टाकलेली, टोकावरून पाणी ठिबकतंय, तळाला छोटं तळं.

"काका, ही कोणाची?"

"ऑफिसची."

"आत ठेवलीय ती चालते?"

"तिला हात लावावा लागतोच. नाहीतर पावसात घरी कसा जाऊ?"

यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. मी बघतोय, आतून हिरवट पट्टे आलेत. आजी दर चवथीला चिंच-मीठ लावून ते घासायची, हात लाल व्हायचे, मग ते असं चमकायचं की आम्ही त्यात तोंडं वाकडी करून बघायचो. आता आत तळं आणि बाहेर शतक. हे बोलायचं होतं, पण बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीला सुतळीने बांधलेलं पेन चालेना. काका म्हणाले, जोरात दाबून लिहा. दाबलं, कागद फाटला, त्याचाही ओरडा खाल्ला.

रात्री आईला फोन केला, सगळं सांगितलं. पाटी, धान्य, पावती. छत्रीचं सांगितल्यावर ती जरा वेळ गप्प.

मग म्हणाली, "सुकी की ओली?"

"ओली."

"आणि तू काढली नाहीस?"