गॅस तो गॅसच नसतो, काकाजी!

सोयाबीन निघाल्यावर काकाजींनी जुनी सीएनजी गाडी घेतली, आणि तिच्या मागोमाग तो मेसेजही आला. तुमच्याकडेही आला असेल: ‘कोणत्याही मिस्त्रीकडून किट बसवा, आरटीओची गरज नाही. पंप लांब असेल तर घरचं सिलिंडर जोडा. हायड्रो टेस्ट म्हणजे दिल्लीवाल्यांची लूट. विदर्भाच्या उन्हात टाकी फुटते, म्हणून अर्धीच भरा. ॲव्हरेज दुप्पट.’ मी दुर्लक्ष केलं असतं. पण परवा त्यांच्याकडे गेलो, तर डिक्कीत स्वयंपाकघरातलं लाल सिलिंडर आडवं, दोन पोत्यांच्या मध्ये दाबून ठेवलेलं. म्हटलं हे काय? तर म्हणाले, “काहून? गॅस तो गॅसच असते ना बाप्पा!”

नसतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. टाकीत २०० बार दाबाखालीही तो वायूच असतो, आणि गाडीतला रेग्युलेटर त्याच दाबासाठी बनलेला. घरच्या सिलिंडरात प्रोपेन-ब्युटेन, तेही द्रवरूपात. दाब सीएनजीच्या मानाने किरकोळ. सिलिंडर उभं असेल तर वरून वायू येतो, आडवं केलं की द्रवच बाहेर पडतो. शेगडीजवळ उभं राहायला बनवलेली ती वस्तू, खड्ड्यांच्या रस्त्यावर आडवी नेऊन तिला रबरी नळी जोडायची?

त्याहून वाईट पुढे आहे. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जायला बघतो. स्वयंपाकाचा गॅस जड. डिक्कीच्या तळाशी, सीटखाली साचून बसतो. हवेत साधारण २ टक्के झाला तरी पेट घेतो, मिथेनला ५ टक्के लागतात. मग एखादी ठिणगी पुरते. जळगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये गाडीत घरगुती सिलिंडरचा गॅस भरताना स्फोट झाला. गाडीतली माणसं भाजली, त्यातली काही नंतर दगावली. मेसेज पाठवणाऱ्यानं ती बातमी वाचली नसावी. आणि घरगुती गॅस गाडीत वापरणं गुन्हा आहे, हे वेगळंच.

‘दिल्लीवाल्यांची लूट’ वाचून तर हसूच आलं. सिलिंडरांचे नियम राबवणारी पेसो ही केंद्राची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. गाडीतल्या सीएनजी टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करायची, हा नियम. या चाचणीत टाकीत पाणी भरून रोजच्या दाबाच्या निदान दीडपट दाब देतात. टाकी गंजली किंवा थकली असेल तर ते तिथेच कळतं, तुमच्या पाठीमागे नाही. मी पोती बाजूला सारून, मोबाइलच्या उजेडात काकाजींच्या टाकीची पाटी पुसली. शेवटची चाचणी २०१७ ची! विकणाऱ्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

उन्हाचं अर्धं खरं आहे, ते मानतो. उन्हाने दाब वाढतो आणि उन्हाळ्यात टाकीत गॅस थोडा कमी बसतो. पण चाचणीत पास झालेली टाकी ते सोसते, शिवाय व्हॉल्व्हला बर्स्ट डिस्क असते, म्हणजे दाब फारच वाढला तर स्वतः फुटून गॅस बाहेर सोडणारी चकती. ‘अर्धीच भरा’चा हिशेब मात्र कोणी केलेला दिसत नाही. काकाजींच्या गावाहून पंप ४० किलोमीटर. टाकीत ८ किलो बसतो, किलोला २० किलोमीटर धरा. जाऊन-येऊनच ४ किलो जळतो. अर्धी भरली तर पंपावरून घरी यायचं आणि परत पंपावरच जायचं!

आरटीओचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ किट बसवायला नाही म्हणत नाही. मंजूर किट घ्या, आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर दावा मागायला कोणत्या तोंडाने जाल?

ॲव्हरेज दुप्पट होत नाही. किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलपेक्षा जवळपास दीडपट ऊर्जा असते, म्हणून आकडा मोठा दिसतो. स्वस्त पडतं, हे खरं. डिक्की जाते आणि चढावर गाडी दमते, हेही खरं, पण ते मेसेजमध्ये नाही.

सिलिंडर मी स्वतः उचलून आत नेलं. काकूनं ओट्याखाली सरकवून घेतलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दोन दिवसांपासून चुलीवर रांधून राहिली मी. मले सांगे, नंबर लावला आहे म्हणून!”