‘शेवटचा कलाकार’ म्हणे!

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरून येतो: ‘महाराष्ट्रातली चामड्याच्या बाहुल्यांची कला संपली. पुढची पिढी नोकऱ्यांना लागली. मोबाईल सोडून सावल्या कोण बघणार? आता व्हिडिओ काढून ठेवणं एवढंच आपल्या हातात.’ खाली रडक्या चेहऱ्यांची रांग.

संपली कुठे? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातली माणसं आजही दिव्यापुढे बाहुल्या धरून पडद्यावर सावल्या नाचवण्याचा हा खेळ करतात. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. घरच्या गुरांच्या गोठ्यात बाहुल्यांचं आणि चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या पोथ्यांचं संग्रहालय त्यांनी त्याच्या बरंच आधी मांडलं होतं, आणि मुलगेही त्याच कामात आहेत. शिवाय खाली तमिळनाडूत हाच खेळ करणारी मंडिगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीची बोली बोलत आलीत. ती आपल्या हिशेबात येतच नाहीत.

नोकरीचं म्हणाल, तर दिवसभर बँकेत बसून रात्री नाटकाच्या तालमी करणारे पुण्यात काय कमी आहेत? त्यांना कुणी ‘शेवटचा नट’ म्हणत नाही.

राहिला मोबाईल. मागे आमच्याच गणपतीत कोकणातून एक संच आला होता. ऑर्केस्ट्राला अख्खी संध्याकाळ आणि यांना अर्धा तास, तोही आरतीआधी. वर पोरं घाबरतील म्हणून हॉलचे दिवे चालूच ठेवले! पांढऱ्या पडद्यावर सावली दिसणार कशी? शेवटी एका आजोबांनी उठून बटणं बंद केली. रावणाची बाहुली पडद्याला टेकलेली होती तोवर दागिन्यांची भोकं न्‌ भोकं मोजता येत होती. मग ती दिव्याकडे मागे सरकली, तशी सावली फुगत फुगत, कडा विरघळत वरपर्यंत गेली. पुढे बसलेली पोरं मागच्या मागे सरकली. एकाच्याही हातात मोबाईल नव्हता. प्रेक्षक होते हो, अंधार नव्हता!

आणि व्हिडिओ? जरूर काढा. पण ज्योत हलली की सावलीही श्वास घेते, ते फाइल उघडून कुणाच्या हाताला शिकता येत नाही. हात बसतो तो खेळ लागले की. केरळातल्या तोलपावकूत्तूकडे, म्हणजे तिथल्या चामडी बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाकडे बघा. भद्रकालीच्या देवळापुढे खेळासाठी कायमचा मांडव बांधलेला असतो, रात्री ठरलेल्या असतात. राम-रावण युद्ध बघायचं देवीचं राहून गेलं, म्हणून तिच्यासाठी खेळ. समोर चिटपाखरू नसलं तरी तो होतोच. आता तिथे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या पुलवर घराण्यातल्या बायकांनीही स्वतःचा संच उभा केलाय. आपल्याकडे तारीख कोण देतं?

हे सगळं ग्रुपवर लिहून मी यंदाच्या गणपतीतली एक पूर्ण संध्याकाळ मागितली: बिदागी ऑर्केस्ट्राइतकी आणि दिवे बंद. अजून तरी दोन अंगठे आलेत. त्यातला एक त्या आजोबांचा.