बारशिंगा, दलदल आणि कुंपण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. बारशिंगा हे दलदलीतलं हरीण, तेव्हा मध्य प्रदेशातल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या टणक मैदानांना मी त्याचं घर म्हणणं चूक. आणि कुंपणात वाढवून वाचवलेलं जनावर रानटी कसलं?

तुम्ही दलदलीचं जे लिहिलंत ते उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या बारशिंग्याला तंतोतंत लागू पडतं. तिथल्या तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या पाणथळ पट्ट्यात, तो चिखलपाण्यात चरतो, त्याचे खूरही फाकणारे. कान्हाची उपजात वेगळी, तिचे खूर घट्ट, टणक जमिनीला साजेसे. काझीरंग्यात तिसरी उपजात आहे.

आता कुंपण. 1970 मध्ये कान्हात मोजून 66 बारशिंगे उरले होते. शिकार झाली, शेती आणि गुरचराईत कुरणं गेली, उरलेलं गवत दरवर्षी जाळलं जायचं. चितळाचं अशानेही भागतं. तो पाला खातो, झाडाखाली पडलेली फळं-फुलं खातो. बारशिंग्याचं सगळं जगणं गवतावर. पोट त्यावरच भरायचं आणि पाडसही त्यातच लपवायचं. कान्हात पाडसं साधारण पावसाळ्याच्या अखेरीस जन्मतात. मादी पाडसाला उंच गवतात बसवून चरायला जाते, ते हालचाल न करता तिथेच पडून राहतं. गवत गुडघाभरही नसेल तर ते वाचणार कसं? थंडीत माजावर आलेला नर पाहा : शिंगं गवतात खुपसून उपटतो आणि लोंबणारे झुपके डोक्यावर मिरवत माद्यांमागे हिंडतो.

कुंपण घातलं ते वाघाला बाहेर ठेवायला आणि आतलं गवत वाढू द्यायला. बारशिंगे आत स्वतःच चरले, स्वतःच व्याले. याला मी पाळणं म्हणणार नाही. आणि नुसत्या कुंपणाने काम झालं नाही. कान्हातली सौंफसारखी गावं उठवून बाहेर वसवली, तिथल्या शेतांची कुरणं झाली, तेव्हा कळप पसरले. बैगा आणि गोंड आदिवासी कुटुंबांनी त्याची जबर किंमत मोजली. बारशिंग्याच्या यशाची गोष्ट सांगताना ती गाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

तरीही सगळी उपजात एकाच जंगलात ठेवणं धोक्याचंच होतं. एखादी साथ आली की संपलं. म्हणून 2015 पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात हलवले. तिथेही आधी गावं उठून मोकळी झालेली कुरणंच निवडली.